जादूगाराची साक्ष: चमत्कार, हातचलाखी आणि ख्रिस्ती परंपरा

२०११ साली डायनॅमो या नावाने प्रसिद्ध असलेला ब्रिटिश जादूगार लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीसमोर थेम्सच्या पाण्यावर उतरला आणि चालू लागला. पुलावर गर्दी जमली आणि शेवटी पोलिसांची बोट त्याला घेऊन गेली. येशू गालील समुद्रावरून चालला ही कथा ज्या देशात लहान मुलांनाही ठाऊक असते, तिथे हे दृश्य कशाची आठवण करून देतं हे सांगायला नको. तरी डायनॅमोने स्वतःला देवाचा माणूस म्हणवून घेतलं नाही आणि त्याच्या नावाने पंथही निघाला नाही. ही युक्ती आहे हे त्याला माहीत होतं आणि बघणाऱ्यांनाही.

ख्रिस्ती माणसापुढे अशा प्रयोगातून दोन प्रश्न येतात. चमत्कारासारखं हुबेहूब काही युक्तीने करता येत असेल, तर चमत्कार ओळखायचा कसा? आणि शास्त्रात जादूटोण्याला सक्त मनाई असताना रंगमंचावरची जादू करणं, बघणं हे पाप आहे का? दोन हजार वर्षांत या प्रश्नांना मिळालेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. पण त्यातली टिकाऊ उत्तरं पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. दिसलं ते किती अद्भुत होतं, याला त्यांनी फारसं महत्त्व दिलेलं नाही. दावा कोण करतो, कोणाच्या नावाने करतो आणि त्यातून काय मिळवतो, हे त्यांनी आधी विचारलं.

शास्त्रातले जादूगार

निर्गमाच्या सातव्या आणि आठव्या अध्यायांत मोशे आणि अहरोन फारोच्या दरबारात उभे राहतात. अहरोनाच्या काठीचा साप होतो, फारोचे जादूगारही आपल्या काठ्यांचे साप करून दाखवतात. नदीच्या पाण्याचं रक्त होतं, तेही त्यांना जमतं. बेडूकही ते आणून दाखवतात. उवांपाशी मात्र त्यांचं अडतं आणि हे काम देवाचं आहे, अशी कबुली ते स्वतःच फारोला देतात. फारो ऐकत नाही तो नाहीच. म्हणजे इथे खरंखोटं सर्वात आधी ओळखलं ते या धंद्यातल्या माणसांनी.

अनुवादाचं पुस्तक आणखी पुढे जातं. त्याच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं या सगळ्यांवर बंदी आहे. ती बहुतेकांना माहीत असते. तेराव्या अध्यायाकडे मात्र कमी लोकांचं लक्ष जातं. एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं, तरी तो दुसऱ्या दैवतांकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका, असं तिथे बजावलेलं आहे. चिन्ह घडलं एवढ्यावर संदेष्टा खरा ठरत नाही.

नव्या करारात येशू स्वतः मागणीनुसार चमत्कार करायला नकार देतो. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी मारून दाखव, हे सैतानाचं आव्हान तो फेटाळतो. परूशी चिन्ह मागतात तेव्हा तो त्यांना झिडकारतो. बरं झालेल्यांना तो पुष्कळदा सांगतो की याची वाच्यता करू नका. जाहिरातीवर पोट असलेल्या कोणत्याही खेळ्याला हे परवडणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनचा शिमोन भेटतो. तो आधीच जादूने लोकांना भुलवत असे. पेत्र आणि योहान यांच्या हात ठेवण्याने पवित्र आत्मा मिळतो हे पाहून तो त्या सामर्थ्यासाठी पैसे देऊ करतो आणि पेत्राकडून कडक शब्द ऐकून घेतो. पुढे इफिसात जादूटोणा करणारे आपल्या पोथ्या आणून सर्वांसमोर जाळतात. त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली, अशी नोंद आहे. दोन्ही प्रसंगांत पैशाचा हिशेब आलेला आहे.

ग्रीक दानिएलात आणखी एक कथा आहे. कॅथलिक बायबलात ती चौदाव्या अध्यायात येते, प्रॉटेस्टंट तिला अपॉक्रिफात ठेवतात. बाबेलचा राजा म्हणतो की बेल दैवत जिवंत आहे, कारण रोज ठेवलेला नैवेद्य रोज फस्त होतो. दानिएल वाद घालत बसत नाही. राजाच्या देखत तो मंदिराच्या फरशीवर राख पसरतो आणि दार मोहोरबंद करवतो. सकाळी थाळ्या रिकाम्या असतात, पण राखेत पुरुष, बायका आणि पोरांच्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. सत्तर पुजारी आपापल्या कुटुंबांसह मेजाखालच्या चोरदारातून रात्री येऊन जेवत असतात. बुवाबाजी उघडी पाडण्याचा पुरावानिशी प्रयोग शास्त्रातच आहे आणि तो करणारा भक्त आहे.

सेल्ससचा आरोप, ओरिजेनचं उत्तर

येशू हाच जादूगार होता, हा आरोप जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस या ग्रीक विचारवंताने लिहिलं की येशू इजिप्तमध्ये जादू शिकला आणि त्याची कामं बाजारात चार पैशांसाठी खेळ करणाऱ्यांच्या तोडीची होती. या ग्रंथाला अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने साधारण २४८ साली सविस्तर उत्तर दिलं. येशूची कामं जास्त चकित करणारी होती, अशी बढाई त्याने मारली नाही. त्याचा मुद्दा असा होता की बाजारातला खेळ्या बघणाऱ्यांना आयुष्य सुधारायला सांगत नाही आणि त्याचं स्वतःचं आयुष्यही तसं नसतं. ज्याच्या कामातून माणसं बदलतात, त्याला खेळ्यांच्या रांगेत बसवता येणार नाही. ही कसोटी नैतिक आहे. घटना खरोखर घडली का, हे तिने ठरत नाही, पण दावा करणाऱ्याचा हेतू मात्र तपासता येतो.

ओरिजेनच्या थोडं आधी रोममध्ये दुसरा मार्ग वापरला गेला. हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या पाखंडखंडनाच्या ग्रंथात चौथ्या पुस्तकाचा मोठा भाग जादूच्या युक्त्यांना वाहिलेला आहे. बोलणारी कवटी कशी करतात, हे तो सांगतो. बैलाच्या पोटातली चरबीची पातळ जाळी घ्यायची, मेण आणि जिप्सम वापरून तिला कवटीचा आकार द्यायचा. करकोच्यासारख्या लांब मानेच्या पक्ष्याची श्वासनलिका आत जोडायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी लपलेल्या साथीदाराने बोलायचं. काम झालं की धुपाच्या निमित्ताने भोवती निखारे ठेवायचे. मेण वितळतं, कवटी नाहीशी होते आणि पुरावाही. धर्मग्रंथात हा तपशील देण्यामागे लेखकाचा उद्देश सरळ होता: वाचकाने फसू नये.

निसर्गापलीकडचं काय?

पाचव्या शतकात ऑगस्टीनने प्रश्नाला तात्त्विक वळण दिलं. चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, आपल्याला निसर्गाविषयी जे माहीत आहे त्याच्या विरुद्ध असतो, असं त्याचं म्हणणं. आजचं अज्ञान उद्या दूर होऊ शकतं, ही जाणीव त्यात होती. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनासने रेघ अधिक ठळक केली. साऱ्या निर्मित सृष्टीच्या क्रमापलीकडे जे घडतं तोच चमत्कार आणि तो एकटा देव करू शकतो. देवदूत किंवा दुरात्मे जे करतात ते आपल्याला अजब वाटलं तरी निसर्गाच्या शक्तींचाच वापर असतो. या मांडणीत जादूगार, सैतान आणि कुशल कारागीर हे तिघेही सृष्टीच्या आतच राहतात. त्याच अक्वायनासने करमणूक करणाऱ्यांचा पेशा मुळात पापी नाही, असंही लिहून ठेवलं आहे.

यावर सर्वात जोरदार हल्ला डेव्हिड ह्यूमने १७४८ साली केला. निसर्गाचा नियम मोडला यापेक्षा साक्षीदार फसला किंवा त्याने फसवलं याचीच शक्यता नेहमी जास्त, हा त्याचा युक्तिवाद. सी. एस. लुईसने १९४७ साली उत्तर दिलं की ही शक्यता मोजण्याआधी सृष्टीपलीकडे कुणी आहे की नाही हे ठरवावं लागतं आणि ते ह्यूमच्या गणितातून निघत नाही. वाद तिथेच थांबला आहे. पण एकेका दाव्यापुरता ह्यूमचा संशय कॅथलिक चौकशीनेही स्वीकारलेला आहे.

केंटमधले दोन धडे

इंग्लंडच्या केंट परगण्यात बॉक्सली मठात एक क्रूस होता. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे आणि ओठ हलत आणि दूरदूरचे यात्रेकरू येत. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या माणसांनी मठ बंद करताना आतल्या तारा आणि काठ्या शोधून काढल्या. बाजाराच्या दिवशी मेडस्टोनमध्ये लोकांना ती यंत्रणा हलवून दाखवली. मग क्रूस लंडनला नेला आणि सेंट पॉलच्या आवारात बिशप हिल्सी यांच्या प्रवचनानंतर तो मोडून टाकला. प्रॉटेस्टंट लेखकांसाठी हे मठांच्या लबाडीचं कायमचं उदाहरण झालं. काही इतिहासकार मात्र म्हणतात की हलणाऱ्या मूर्ती तेव्हा धार्मिक नाट्यात रूढ होत्या आणि बघणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातलं यंत्र माहीत असणार. तसं असेल तर नाटक आणि फसवणूक यांच्यामधली रेघ त्या क्रूसावरूनच जाते.

त्याच केंटचा जमीनदार रेजिनल्ड स्कॉट. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप वेलीच्या लागवडीवर त्याने एक पुस्तक लिहिलं होतं. दुसरं पुस्तक १५८४ साली आलं आणि त्याने इतिहास केला. चेटकीण म्हणून ज्या म्हाताऱ्या बायकांना फासावर चढवलं जात होतं त्या निरपराध आहेत, असं सांगणारा हा ग्रंथ. आपला मुद्दा पटवण्यासाठी त्याने जादूगारांच्या युक्त्या चित्रांसह समजावल्या. त्यातली एक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाची. मेजाला दोन भोकं असतात. एक पोरगा मेजावर आडवा पडून आपलं डोकं भोकातून खाली सोडतो, दुसरा खाली बसून डोकं वर थाळीत काढतो. बघणाऱ्याला धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे दिसतं. करमणूक म्हणून केलेल्या अशा खेळाला स्कॉटची हरकत नव्हती. देवाच्या सामर्थ्यावर हक्क सांगितला की मात्र त्याचा विरोध सुरू होई. स्कॉटलंडचा राजा जेम्स याने १५९७ च्या आपल्या पुस्तकात स्कॉटचं नाव घेऊन त्याला विरोध केला. पुढे हाच इंग्लंडचाही राजा झाला आणि चेटकिणींवरचे खटले आणखी बराच काळ चालले.

मंचावर, वर्गात, प्रार्थनासभेत

हातचलाखीला चर्चच्या अंगणात मानाने आणलं ते योहान बॉस्को यांनी. माटुंग्याच्या शाळेमुळे डॉन बॉस्को हे नाव मुंबईला परकं नाही. १८१५ साली इटलीच्या पिएमाँतेत जन्मलेला हा शेतकऱ्याचा पोरगा जत्रेतल्या कसरतपटूंकडे पाहून युक्त्या शिकला. गावच्या मुलांना खेळ दाखवायचा, पण अट अशी की आधी रोझरी म्हणायची आणि सकाळचं प्रवचन ऐकायचं. पुढे कियेरीला शिकताना त्याच्यावर काळ्या जादूचा संशय आला आणि एका वरिष्ठ धर्मगुरूने त्याला बोलावलं. बॉस्कोने त्यांना वेळ विचारली तर घड्याळ जागेवर नाही, नाणं मागितलं तर बटवा नाही. धर्मगुरू चिडले. मग बॉस्कोने उलगडा केला. भिक्षेकऱ्याला पैसे देताना बटवा बाजूला राहिला होता, दुसऱ्या खोलीत जाताना घड्याळही. दोन्ही दिव्याच्या झाकणाखाली ठेवलेली होती. प्रकरण हसण्यावारी गेलं. अनेक जादूगार आज त्यांना आपला आश्रयदाता संत मानतात.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंटांनी या वाटेचा रीतसर प्रकार केला. १९५३ साली ख्रिस्ती जादूगारांची फेलोशिप स्थापन झाली. अशा जादूगारांचा एक खेळ असा: रिकाम्या दिसणाऱ्या पिशवीत काळा रुमाल टाकायचा, तो पाप. मग लाल, तो ख्रिस्ताचं रक्त. शेवटी आतून पांढरा काढायचा. पिशवीला आतून एक पडदा असतो, बाकी सगळं बोलण्यात. विरोधकांची शंका खोडून काढावी इतकी पोकळ नाही. तारणाची गोष्ट चोरकप्प्याच्या पिशवीतून सांगितली तर पोर मोठं झाल्यावर क्रूसालाही चोरकप्पा आहे असं समजेल, हा धोका आहेच. म्हणून जाणते सादरकर्ते आधीच सांगून टाकतात की ही युक्ती आहे, मी फक्त मुद्दा समजावतोय. एवढं वाक्य म्हटलं की अनुवादातली बंदी या खेळाला लागू होत नाही, असं मला वाटतं. त्या बंदीचा रोख दैवी किंवा अघोरी शक्तीच्या दाव्यावर आहे.

खरा धोका उलट बाजूने येतो, म्हणजे युक्ती वापरून चमत्काराचा दावा करणाऱ्याकडून. टीव्हीवरचे अमेरिकी प्रचारक पीटर पॉपॉफ सभेत अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार देवाने सांगितल्यासारखे घडाघडा सांगत. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभेत रेडिओ स्कॅनर लावला. ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज पकडला गेला. सभेआधी लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनापत्रिकांवरची माहिती त्या वाचून दाखवत होत्या आणि पॉपॉफ यांच्या कानात रिसीव्हर होता. जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात ते ध्वनिमुद्रण देशाने ऐकलं आणि पुढच्या वर्षी पॉपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली. काही वर्षांनी ते पुन्हा टीव्हीवर आले, हेही सांगायला हवं. रँडी नास्तिक होते. पण आंद्रे कोल हा इव्हँजेलिकल जादूगारही हेच काम करत होता. फिलिपिन्समध्ये चाकूशिवाय, नुसत्या हाताने पोटातली गाठ काढून दाखवणाऱ्या ‘शल्यविशारदां’ची हातचलाखी त्याने उघड केली. दानिएलची राख दोघांच्याही हातात होती.

चर्चची चौकशी

कॅथलिक चर्चने चौकशीची पद्धत बांधली ती अठराव्या शतकात. प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी, म्हणजे नंतरचे पोप चौदावे बेनेडिक्ट, यांनी रोगमुक्तीच्या कसोट्या लिहून काढल्या. आजार गंभीर असावा, आपोआप बरा होण्याच्या टप्प्यावर नसावा, उपचारांचा गुण आलेला नसावा, बरं होणं तत्काळ, पूर्ण आणि टिकाऊ असावं. फ्रान्समधल्या लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याच्या ७,००० हून अधिक दाव्यांची नोंद झाली आणि २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार मानले ७०. डॉक्टर ‘चमत्कार’ म्हणतच नाहीत. आजच्या वैद्यकाला उलगडत नाही, एवढंच सांगतात. पुढचा निर्णय बिशपचा.

ही पद्धत निर्दोष आहे असं नाही. १९८३ च्या सुधारणांनी संतपदाच्या चौकशीतला ‘सैतानाचा वकील’ जवळजवळ संपवला. मदर तेरेसांच्या पहिल्या मान्य चमत्काराबाबत पश्चिम बंगालमधल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की रुग्ण औषधांनी बरी झाली. नेपल्समध्ये कुपीत जपलेल्या संत जेनारोच्या रक्ताचं द्रवरूप होणं चर्चने अधिकृतपणे चमत्कार ठरवलेलं नाही, भक्तीला मात्र परवानगी आहे. १९९१ साली तीन इटालियन शास्त्रज्ञांनी लोहाच्या संयुगापासून तसाच दाट पदार्थ करून दाखवला. हलवला की तो पातळ होतो आणि त्याची सामग्री चौदाव्या शतकातही मिळत होती. मूळ कुपीत तेच आहे हे यातून सिद्ध होत नाही. पण दुसरा मार्ग शक्य आहे, हे नक्की होतं.

प्रॉटेस्टंटांमध्ये अशी मध्यवर्ती चौकशी नाही. बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ साली चमत्कारांची देणगी प्रेषितांबरोबर संपली असं ठामपणे मांडलं. पेंटेकॉस्टल धारा ती आजही चालू आहे असं मानते. तिचा उगम बहुतेक वेळा लॉस एंजेलिसच्या १९०६ च्या सभांशी जोडला जातो. पण त्याआधी, १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृतीची मोठी लाट येऊन गेली होती.

विलेपार्ले आणि कायदा

मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या वेलंकनी माता चर्चजवळच्या क्रूसावर ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून गोळा करू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू यांनी पाहणी करून सांगितलं की जवळच्या प्रसाधनगृहाचा निचरा तुंबला आहे आणि पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढून खिळ्याच्या भोकातून बाहेर येतंय. चर्चने हा चमत्कार असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं नव्हतं. पण टीव्हीवरच्या चर्चेत एडमरुकू यांनी चर्चवर पैशासाठी असे प्रकार चालवल्याचा आरोप केला. मग धार्मिक भावना दुखावल्याच्या, कलम २९५अ खालच्या, तक्रारी दाखल झाल्या आणि ते फिनलंडला गेले. त्यांचा आरोप सरसकट होता, त्यावर राग येणं समजू शकतं. पण तुंबलेली नळी शोधण्याचं काम परंपरेनुसार चर्चचंच होतं. ते बाहेरच्याने केलं आणि त्यालाच देश सोडावा लागला. दानिएलची कथा वाचणाऱ्यांना हे शोभणारं नव्हतं.

महाराष्ट्रात हाच प्रश्न सर्व धर्मांच्या बाबतीत लढवला तो डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने. समितीच्या चमत्कार सादरीकरणात कार्यकर्ते जिभेवर कापूर पेटवतात, मंत्राशिवाय होम पेटवतात आणि मग पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन दाखवतात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणं आणि लोकांना फसवणं, घाबरवणं हा गुन्हा आहे. दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष पाहायला रांगेत उभा राहणारा भाविक या कायद्याने गुन्हेगार होत नाही. ओरिजेन आणि स्कॉट यांनी आखलेली रेघ एका धर्मनिरपेक्ष कायद्याने स्वतंत्रपणे पुन्हा आखली. श्रद्धेला मोकळीक, दाव्याच्या धंद्याला मनाई.

कोणाला समितीवर घ्यायचं?

आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा. मंचावरचा प्रामाणिक जादूगार ख्रिस्ती श्रद्धेचा शत्रू नाही. युक्ती लपवून देवाचं नाव घेणारा शत्रू आहे, मग तो चर्चमधला असला तरी. रोगमुक्तीच्या सभा घेणाऱ्यांना तीन साध्या अटी घालता येतील: औषध बंद करायला सांगू नका, आधीचे आणि नंतरचे कागद ठेवा, वर्षभराने त्या माणसाची तब्येत पुन्हा पाहा. यात श्रद्धेला धक्का लागत नाही. लाम्बेर्तिनींनी याहून कडक अटी घातल्या होत्या.

कॅथलिक बाजूला आणखी एक दार उघडलेलं आहे. १७ मे २०२४ ला व्हॅटिकनने अलौकिक मानल्या जाणाऱ्या घटनांसाठी नवे नियम काढले. घटना दैवी आहे असा शिक्का आता सहसा मारायचा नाही, असं त्यात ठरलं. चौकशी समितीत एक ईशशास्त्रज्ञ, एक चर्चच्या कायद्याचा जाणकार आणि घटनेच्या स्वरूपानुसार निवडलेला किमान एक तज्ज्ञ असावा, असंही नियम सांगतात. रडणारी मूर्ती, ठिबकणारा क्रूस असे दावे आले की हा तज्ज्ञ म्हणून बहुधा डॉक्टर किंवा रसायनशास्त्रज्ञ आठवतो. पण निसर्ग संशोधकाला मुद्दाम फसवत नाही आणि शास्त्रज्ञाला त्याचीच सवय असते. माणसाच्या फसवणुकीपुढे तो भोळा ठरतो. रँडींनी पाठवलेल्या दोन तरुणांनी १९७९ पासून काही वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला हातचलाखीने गुंगवून ठेवलं होतं. नजर कुठे वळवली जाते, साथीदार कुठे उभा राहतो, चोरकप्पा कुठे असू शकतो, हे जादूगार पहिल्या फेरीत हेरतो. नव्या नियमांनी त्या खुर्चीवर कोण बसेल हे मोकळं ठेवलं आहे. पुढच्या वेळी बिशपांनी तिथे एखादा जाणता जादूगार बसवावा.